कुठवर आलात?

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात : हातात जे पुस्तक आहे त्याबद्दल दुसऱ्या वाचणाऱ्याशी बोलायचं कसं. हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून आज त्यावरचीच घेतली आहेत. पहिल्या पत्राला मोठी जागा दिली आहे, कारण उरलेल्यांचं मूळ मला त्याच्यात दिसतं.

प्रश्न : आमचा पुस्तकवेड्यांचा एक छोटा गट आहे. भेटलो की आधी ‘सध्या काय वाचताय?’ अशी फेरी होते. बाकीचे लेखक, विषय, मांडणी, भाषा असं सगळं व्यवस्थित सांगतात. माझं पुस्तक नेमकं अर्धवट असतं. त्यावर मत काय देणार? ‘चांगलं चाललंय’ म्हणते आणि पाळी पुढच्याकडे जाते. वाचून पूर्ण होईपर्यंत बोलूच नये का?

उत्तर : आत्ताच बोला. पुस्तक संपल्यावर तुमच्याकडे मत असेल, ते नंतर केव्हाही सांगता येईल. आत्ता जे आहे ते मात्र शेवटचं पान उलटल्यावर हाती लागणार नाही. पुढे काय होईल याचा अंदाज, एखाद्या पात्राबद्दलचा संशय, न पटलेला एखादा परिच्छेद, कंटाळून उड्या मारलेली पानं. शेवट कळला की मन हे सगळं गुपचूप आवरून ठेवतं आणि ‘मला वाटलंच होतं’ म्हणायला लागतं. तुम्हाला खरोखर काय वाटलं होतं, ते तुमचं तुम्हालाच सापडत नाही.

तुमच्या गटातली मंडळी सांगतात ते परीक्षण. त्यात वाईट काही नाही, पण ऐकणाऱ्याला त्यात करण्यासारखं काही उरत नाही. ‘भाषा ओघवती आहे’ यावर कोण काय बोलणार? मान डोलावणार.

मी एवढंच सांगते : कुठवर आले आणि तिथे काय अडलं. सध्या मी हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ पुन्हा वाचते आहे. कुणी विचारलं तर मी तिचं मराठी कादंबरीतलं स्थान सांगत बसणार नाही. मी सांगेन की यमू तिची गोष्ट स्वतःच सांगते, आणि मी आता तिचा नवरा तिला वाचायला शिकवतो तिथे आले आहे. भारी सुखाची पानं आहेत. आणि मी ती मुद्दाम रेंगाळत वाचते आहे, कारण ती मागे टाकायला माझं मन धजत नाही. एवढं म्हटलं की समोरचा विचारतोच, का धजत नाही? मग त्याला त्याचं असं एखादं पुस्तक आठवतं, ज्याच्यातल्या सुखाच्या पानांवर तोही थांबून राहिला होता. अशा गप्पा रात्री उशिरापर्यंत चालतात, आणि त्यांच्यासाठी कुणीही पुस्तक संपवलेलं असावं लागत नाही.

ही कादंबरी आपट्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः छापली जात होती. म्हणजे तिचे पहिले वाचक सगळेच्या सगळे अर्ध्यात होते. पुढचा अंक येईपर्यंत कुणालाच यमूचं पुढे काय झालं ते ठाऊक नव्हतं. आपण आज त्या वाचकांचा हेवा करावा असं मला मनापासून वाटतं. डिकन्सची शेवटची कादंबरी ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ तर आजही सगळ्यांसाठी अर्धीच आहे. ती बारा भागांत यायची होती. १८७० मध्ये डिकन्स वारला आणि सहाच भाग हाती आले. एडविनचं काय झालं यावर वाचक तेव्हापासून वाद घालताहेत. अर्ध्या पुस्तकावर बोलता येत नाही असं कुणी म्हणालं की मला ही कादंबरी आठवते.

तेव्हा पुढच्या भेटीला पुस्तक बरोबर न्या. जिथे खूण आहे तिथली एखादी ओळ मोठ्यानं वाचून दाखवा. ती सुंदरच हवी असं नाही, कळली नसेल तर तीच वाचा आणि कळली नाही म्हणून सांगा. शिवाय गटाला सुचवून पाहा, की ‘कसं आहे?’ असं विचारणं काही दिवस सोडून देऊ आणि ‘कुठवर आलात?’ असं विचारू. पहिल्या प्रश्नाला ‘छान’ म्हणून सुटता येतं. दुसऱ्याला उत्तर द्यायचं तर पुस्तकात शिरावंच लागतं.

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण एकच जाडजूड कादंबरी एकाच वेळी वाचतो आहोत. तिचा वेग माझ्या दुप्पट आहे आणि फोनवर ती पुढचं सांगून मोकळी होते. मी चिडले की म्हणते, चांगल्या पुस्तकाचं शेवट कळल्यानं काही बिघडत नाही. तिचं खरं आहे का?

उत्तर : तिच्या बाजूनं एक प्रसिद्ध प्रयोग आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये बारा लघुकथा घेतल्या. काही वाचकांना शेवट आधी सांगितला, काहींना नाही. शेवट ठाऊक असलेल्यांना कथा थोड्या जास्तच आवडल्या, अगदी रहस्यकथासुद्धा. पण २०१५ च्या दुसऱ्या एका अभ्यासात उलटं निघालं, शेवट न कळलेल्या वाचकांना गोष्ट अधिक रंजक वाटली. त्यामुळे विज्ञानाचा दाखला देऊन तुम्हाला गप्प करायचा अधिकार मैत्रिणीला नाही.

माझं मत विचाराल तर शेवट ठाऊक असताना वाचण्यात वेगळी गोडी आहे. यमूच्या सुखाच्या पानांवर मी रेंगाळते, ती पुढचं माहीत असल्यामुळेच. पण ते मला दुसऱ्या वाचनात मिळालं. पहिल्यांदा मला काहीच माहीत नव्हतं, आणि ते न माहीत असणं माझं होतं. ते एकदाच मिळतं. ते कुणी आपल्या परवानगीवाचून काढून घेऊ नये, जिवाभावाच्या मैत्रिणीनंसुद्धा.

करार असा करा : बोलणं नेहमी जी मागे आहे तिच्या पानापर्यंतच. जी पुढे गेली तिला राहवत नसेल तर तिनं मनात आलं ते चिठ्ठीवर लिहावं, वर प्रकरणाचा आकडा घालावा आणि तुम्ही तिथे पोचलात की चिठ्ठी द्यावी. या चिठ्ठ्यांची फार मजा येते. आपण नुकतं वाचून हादरलेलो असतो आणि मैत्रिणीचं त्याच जागचं हादरणं हातात पडतं. पुस्तक फारच मोठं असेल तर प्रकरणं वाटून घ्या. टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’मध्ये ३६१ छोटी प्रकरणं आहेत, म्हणून कितीतरी वाचक रोज एक याप्रमाणे ती वर्षभर बरोबर वाचतात. पुढे पळायची सोयच राहत नाही.

प्रश्न : सध्या मी फक्त रहस्यकथा वाचतो. गटात सगळे गंभीर पुस्तकांवर बोलतात. नाव सांगायचा संकोच वाटतो.

उत्तर : नाव सांगा, आणि तुमचा संशय कुणावर आहे तेही सांगा. लेखकानं वाचकाला कसं चकवलं, कुठला दुवा डोळ्यांसमोर ठेवूनही दिसू दिला नाही, हे नीट उलगडून सांगणारा वाचक गटाला मिळाला तर गटाचं भाग्य. रचना कशाला म्हणतात ते मी रहस्यकथांतूनच शिकले.

प्रश्न : मी भरपूर वाचते, पण महिन्याभरानं काही आठवत नाही. मग वाचून, सांगून उपयोग काय?

उत्तर : सांगण्याचा उपयोग इथेच आहे. रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानं मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिलं होतं. पुस्तक समोर न धरता मैत्रिणीला प्रकरण सांगणं म्हणजे जवळपास हेच. सांगताना अडखळलात तर लगेच पान उघडू नका, थोडं चाचपडा. नंतर मूळ पानाशी ताडून बघा. आपण काय गाळलं आणि काय स्वतःच्या पदरचं घातलं, हे बघणं मला तर पुस्तकाइतकंच ओढ लावतं.

प्रश्न : जवळचं माणूस गेल्यापासून मी एकच पुस्तक धरून बसलो आहे. मित्र प्रेमानं विचारतात, काय वाचतोस? मला सांगावंसं वाटत नाही. आपण माणूसघाणे होत चाललो आहोत का?

उत्तर : नाही. दान्येल पेनाक या फ्रेंच लेखकानं १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क सांगितले. पानं गाळण्याचा, पुस्तक अर्ध्यात सोडण्याचा, पुन्हा वाचण्याचा, असे. त्यातला शेवटचा हक्क आहे वाचलेल्याबद्दल गप्प राहण्याचा. इतका वेळ मी सगळ्यांना बोला बोला म्हणते आहे, पण या हक्काला मी तेवढंच मानते. काही पुस्तकं आपल्याशी इतक्या आतलं बोलत असतात, की ती चारचौघांत काढली तर त्यांचं बोलणं थांबेल अशी भीती वाटते. ती भीती रास्त आहे.

मित्रांना ‘वाचतोय, पण या वेळी माझी पाळी सोडा’ एवढंच म्हणा आणि गटात जाणं मात्र सोडू नका. इतरांची पुस्तकं ऐका. आणि गटातल्या बाकीच्यांना माझी विनंती : असं कुणी म्हणालं तर नाव काढून घ्यायचा प्रयत्न करू नका. पुढच्या भेटीला त्यांना पुन्हा विचारा, तितक्याच सहज.