शीआनला आठवडा पुरेल?

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं आठवडाभर चीनमधल्या शीआनला जातोय. बीजिंगही जोडावं का? आम्ही शाकाहारी आहोत. — एक वाचक, इंदूर

उत्तर : बीजिंग राहू द्या, काकू. १ ऑक्टोबरपासून चीनभर राष्ट्रीय सुट्ट्या. गर्दी आपल्या राजवाड्यावरच्या रंगपंचमीच्या गेरसारखी (मिरवणुकीसारखी). तारखा पुढे ढकला. प्राचीन सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैनिक (१९७४ साली विहीर खणताना सापडलेले) शहराबाहेर आहेत, अख्खा दिवस ठेवा. पहिल्या दालनाच्या मागच्या टोकाला फुटके सैनिक जोडतात. मला तर सैनिकांच्या रांगांपेक्षा तेच जास्त आवडलं! शहराची तटबंदी जवळपास १४ किलोमीटर. वर सायकल भाड्याने मिळते. ह्युएन त्सांगने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी ६५२ साली बांधलेला पॅगोडा पाहाच. खायला लिआंगपी, म्हणजे तिखट तेलातल्या गार शेवया. मांस नको हे चिनीत लिहून जवळ ठेवा.