लेकीला परत बोलवावं का? आधी नववा आठवडा पार पडू द्या

ताई, नमस्कार.

तुम्ही लिहिलंय की लेक इथे न्यू जर्सीत, एडिसनमध्येच जन्मली-वाढली आणि इथल्याच कॉलेजातून १५ आठवड्यांच्या सत्रासाठी इटलीतल्या फ्लॉरेन्सला चित्रकला शिकायला गेली. सहावा आठवडा चालू आहे. रोज रात्री दोन-दोन वाजेपर्यंत इकडच्या मित्राशी बोलते, त्याला लांबलचक पत्रं लिहिते, रडते आणि ‘मला काही येत नाही, परत येते’ म्हणते. बोलवून घ्यावं का आणि हे बोलणं थांबवावं का, असं तुम्ही विचारता.

बोलणं थांबवू नका. ज्याच्यावर जीव आहे तोच तिचा तिथला आधार आहे. वेळ मात्र बदला. फ्लॉरेन्स न्यू जर्सीच्या ६ तास पुढे. तिचा मित्र संध्याकाळी ६ ला मोकळा होतो तेव्हा तिच्याकडे रात्रीचे १२ वाजलेले असतात. त्याने सकाळी ७ ला फोन केला तर तिकडे दुपारचा १ वाजलेला असेल, जेवणाची वेळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं मागे जातात, अमेरिकेतली त्यानंतर आठवड्याने. तेवढा आठवडा फरक ५ तासांचा राहतो. दोघांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर फोन चुकतो आणि रुसवाफुगवी होते.

‘मला येत नाही’ यामागेही बरंचसं जागरण असावं. ती प्लास्टरच्या पुतळ्यावरून कोळशाने चित्र काढते आहे असं तुम्ही लिहिलंय. या पद्धतीत पुतळ्याशेजारी ईझल (चित्र ठेवायचा उभा स्टँड) लावतात, काही पावलं मागे, जमिनीवर खूण केलेल्या जागी उभं राहून दोन्हींची तुलना करतात, मग पुढे जाऊन एक रेघ मारतात. पाहिलेलं माप कागदापर्यंत जाईस्तोवर डोक्यात टिकावं लागतं. झोप नसेल तर ते वाटेतच निसटतं, रेघ चुकते आणि पुन्हा खोडावं लागतं. त्यात एकेक चित्र कित्येक आठवडे चालतं. अर्धवट असताना ते वाईटच दिसतं, त्यावरून स्वतःला जोखायचं नसतं.

पत्रं लिहू द्या, पण चित्रांची. १० × १५ सेंमीचा, चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जलरंगाचा कागद घ्यावा. पातळ कागद पाण्याने सुरकुततो. रेघा वॉटरप्रूफ शाईने, ती पूर्ण वाळल्यावरच रंग, नाहीतर शाई पसरते. कोळसा नको, पोहोचेपर्यंत पुसला जातो. पोस्टात टाकण्याआधी ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करावं. खिडकी, बाजार, जिना समोर पाहून काढलेली अशी रेखाटनं पोर्टफोलिओत उपयोगी पडतात.

आता पैसे. फॅफ्सा (अमेरिकी सरकारच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज) भरून सरकारी मदत किंवा कर्ज घेतलं असेल, तर ६० टक्के सत्र होण्याआधी सोडल्यास न ‘कमावलेला’, म्हणजे उरलेल्या दिवसांचा भाग सरकारला परत जातो आणि त्याचं बिल कॉलेज तुमच्याकडे पाठवू शकतं. ६० टक्क्यांनंतर पूर्ण मदत कमावलेली धरतात. हिशोब दिवसांचा असतो, सलग ५ दिवस किंवा जास्त सुट्टी वगळून. तिच्या सत्रात ही रेषा साधारण नवव्या आठवड्याच्या अखेरीस येते, म्हणजे तीन-चार आठवडे उरलेत. आजच कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला आणि परदेश-अभ्यास कार्यालयाला ईमेल करा: नेमकी तारीख कोणती, किती क्रेडिट वाचतील, फीपैकी किती परत मिळेल? उत्तर लेखीच घ्या. न कळवता निघून येणं सर्वांत महागात पडतं, गुणपत्रिकेवर नापास लागू शकतं.

मात्र ती जेवत नसेल, अंथरुणातून उठत नसेल, जगण्याबद्दल काही निर्वाणीचं बोलत असेल, तर आठवडे मोजू नका. तिला एकटी ठेवू नका, लगेच तिथल्या डॉक्टरकडे पाठवा, तातडीची वेळ असेल तर इटलीत ११२ लावायला सांगा आणि तुमच्यापैकी एकाने निघा. डॉक्टरचं पत्र घेऊनच परत आणा, वैद्यकीय रजेसाठी कॉलेज ते मागतं.