सांगलीतल्या जुन्या घरात एसी आणि गीझर बसवायचाय. सगळी वायरिंग बदलावी की दोन नव्या लाइन ओढल्या तरी चालेल?

घर गावभागातलं, वायरिंग लाकडी पट्टीवरची आणि तीस वर्षं जुनी म्हणताय, तर सगळीच बदला. मी सांगलीत हीच कामं करतो. खात्री करायची असेल तर मेन स्विच बंद करून एक बोर्ड खोला. तार पांढरी दिसली तर बहुधा अ‍ॅल्युमिनियमची. ती स्क्रूखाली ढिली पडते आणि जोड तापतो. वरचं प्लास्टिक वाकवल्यावर तडकत असेल तर विषयच संपला. २००० वॅटचा गीझर एकटाच जवळपास ९ अँपिअर ओढतो, म्हणून गीझर आणि दीड टनी एसी, दोघांना बोर्डापासून वेगवेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची लाइन आणि स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) द्या. लाइट-पंख्याला दीड स्क्वेअर एमएमची वायर पुरते. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच) घ्याच, आणि अर्थिंग नवीन करा (जुन्या घरात अर्थिंगची वायर बऱ्याचदा नुसती भिंतीत जाऊन संपलेली असते!). आपल्याकडचा खास मुद्दा पुराचा: २०१९ ला घरात पाणी आलं असेल तर भिंतीवरच्या त्या खुणेच्या वर मेन बोर्ड घ्या, आणि तळमजल्याचे एमसीबी वेगळे ठेवा, म्हणजे खाली बंद करून वर लाइट चालू ठेवता येते. महावितरणकडे मंजूर भार किती आहे तो बिलावर बघा, कमी असेल तर आधी वाढवून घ्या. मात्र तार तांब्याची, पाइपातून गेलेली आणि मेगर टेस्टला (तारेवरचं आवरण शाबूत आहे का ते तपासणारी चाचणी) पास झाली, तर दोन नव्या लाइनवर भागेल.