पहिली ऑर्डर येण्याआधी

प्रश्न : मी बोरिवलीत राहते. इंग्रजी-मराठी भाषांतराची कामे मिळावीत म्हणून फायव्हर या ऑनलाइन कामे मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावर खाते उघडले आणि ‘सर्व प्रकारचे भाषांतर’ अशी जाहिरात दिली, परंतु महिना उलटूनही एकही ऑर्डर आलेली नाही. दर आणखी कमी करावा का? – एक वाचक, मुंबई

उत्तर : दर कमी करण्याची घाई कृपया करू नये. फायव्हर प्रत्येक ऑर्डरमधून २० टक्के कापून घेते, म्हणजे १,००० रुपयांच्या कामाचे ८०० रुपयेच आपल्या वाट्याला येतात, आणि नव्या विक्रेत्याला तेही काम पूर्ण झाल्यावर साधारणपणे १४ दिवसांनी काढता येतात.

माझ्या मते अडचण दरात नसून ‘सर्व प्रकारचे भाषांतर’ अशा मोघम जाहिरातीत असावी. ज्याला लघुपटाची उपशीर्षके किंवा औषधाचे माहितीपत्रक मराठीत हवे आहे, तो ग्राहक नेमके तेच काम करणारी व्यक्ती शोधतो. म्हणून आपल्याला उत्तम जमणारा एकच प्रकार निवडावा आणि त्याचे दोन-तीन नमुने, मूळ मजकूर शेजारी ठेवून, प्रोफाइलवर लावावेत. नमुन्यांसाठी जुन्या ग्राहकांची कागदपत्रे मात्र त्यांच्या परवानगीशिवाय वापरू नयेत.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. काम देण्याआधी नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणारा, अथवा व्यवहार टेलिग्रामवर न्यायला सांगणारा ग्राहक खरा नसण्याचीच शक्यता अधिक असते. पैसे गेलेच, तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.