आठ बारच्या पुढे गाणं जातच नाही

"गाणं सुरू होतं, पण पुढे सरकत नाही. माझ्यात मुळात ते नसेलच का?" घरच्या घरी स्वतःचं संगीत करणाऱ्या तरुणांकडून हा प्रश्न फार वेळा येतो. माणूस बदलतो, वर्णन मात्र तेच असतं. रात्री दोन-तीन तास बसायचं, आठ बारची (बार म्हणजे चार मात्रांचा एक तुकडा) एक लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, छान जमते, मग तीच वाजत राहते आणि शेवटी चिडून लॅपटॉप मिटायचा. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना ऐकली की तीच लूप टाकाऊ वाटते. अशाच एका तरुणाबरोबर झालेलं काम इथे तपशिलात मांडत आहे. त्याची ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत.

वय २६, डोंबिवलीत आईवडिलांबरोबर वन बीएचकेत राहणारा, नोकरी ऐरोलीला. शाळेत असताना हार्मोनियमच्या दोन परीक्षा दिलेल्या, कॉलेजात गिटार. स्वतःची मराठी गाणी करायची म्हणून ऑडिओ इंटरफेस, कंडेन्सर माइक, २५ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड असं एकेक घेतलेलं. फोल्डरमध्ये चाळीसच्या वर फाइली आणि पूर्ण गाणं एकही नाही. "मॅडम, सुचणंच बंद झालंय," तो म्हणाला. "आणि जे सुचतं ते ऐकून स्वतःचाच राग येतो."

संगीतावर येण्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावीच लागते. आनंद फक्त संगीतातून गेलाय की सगळ्यातूनच? मित्रांना भेटावंसं वाटत नाही, जेवणावर वासना नाही, झोप बिघडली आहे, दिवसाचा बराचसा वेळ मन खाली आहे, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, असं असेल तर प्रश्न अडलेल्या गाण्याचा राहत नाही. मग मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवं. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. या तरुणाचं बाकी आयुष्य ठीक चाललं होतं. क्रिकेट खेळताना तो खूश होता, ऑफिसच्या कामात मागे नव्हता. राग यायचा तो लॅपटॉपसमोरच.

पहिल्या आठवड्यात त्याला काहीही सुधारायला सांगितलं नाही. लॅपटॉपशेजारी एक वही ठेवायची आणि हात थांबला की वेळ व त्या क्षणी केलेली कृती एका ओळीत लिहायची. चांगलं-वाईट असं मत लिहायचं नाही. त्याच्या वहीतली मंगळवारची रात्र अशी होती: ९.५० ला बसलो. १०.०५ ला चाल आणि कॉर्ड झाले. १०.०५ ते १०.५० किकचे (ड्रमच्या खर्जाच्या ठोक्याचे) आवाज बदलून पाहिले. १०.५० ला 'आता अंतरा'. १०.५२ ला रिव्हर्बवरचा (आवाजाला घुमारा देण्यावरचा) व्हिडिओ लावला. ११.४० ला परत लूप. १२.१० ला बंद.

ही नोंद त्यालाच मोठ्याने वाचायला लावली. सुचणं बंद झालं असतं तर पंधरा मिनिटांत चाल आणि कॉर्ड झालेच नसते. अडलं होतं १०.५० ला, जिथे एक निर्णय घ्यायचा होता. आठवडाभराच्या बहुतेक नोंदींत हेच दिसलं. पहिला भाग झाला, दुसरा कोणता हे ठरवायची वेळ आली आणि हात दुसरीकडे वळला.

हात का वळतो हे नीट समजून घेण्यासारखं आहे. अंतरा ठरवताना तो फसण्याची शक्यता असते, म्हणून छातीत थोडी धडधड होते. किकचा आवाज शोधताना काहीच फसत नाही आणि काम केल्यासारखंही वाटतं. धडधड थांबते. ते थांबणं हेच मेंदूला मिळालेलं बक्षीस, म्हणून पुढच्या वेळी तो आणखी लवकर किककडे वळतो. ही टाळाटाळ आहे, पण कामाच्या वेषात असल्यामुळे ओळखू येत नाही. नंतर स्वतःला शिव्या दिल्या की दुसऱ्या रात्रीची धडधड वाढते आणि टाळणंही वाढतं. म्हणून 'शिस्त लाव', 'आळस सोड' असे सल्ले इथे उलटे पडतात.

दुसरी अडचण कानाची. त्याची लय होती ९० बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९० ठोके. चार मात्रांचे आठ बार म्हणजे ३२ ठोके, साधारण २१ सेकंद. लूप तासभर चालू राहिली तर तीच गोष्ट १६८ वेळा कानावर पडते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आपल्याला आवडू लागते. अती झालं की तिचाच कंटाळाही येतो. लूपवर काम करणाऱ्याच्या बाबतीत हे दोन्ही एकाच रात्री घडतं. लूपचा वीट आलेला असतो, आणि तरी तिच्याशेजारी आणलेला कुठलाही नवा अंतरा परका वाटतो, कारण तो पहिल्यांदाच ऐकलेला असतो. "काहीही जोडलं तरी चुकीचं वाटतं," हे त्याचं वाक्य खरं होतं. त्यावरून त्याने काढलेला 'मला जमत नाही' हा निष्कर्ष तेवढा चुकला होता.

आणि एक गोष्ट आपण विसरतो. आकाशवाणीच्या आणि चित्रपटांच्या काळात संगीतकार चाल बांधायचा, संयोजक वाद्यमेळ लिहायचा, वादक वाजवायचे आणि ध्वनिमुद्रक आवाजाचा समतोल बघायचा. शब्द आणखी कुणाचे तरी. आज ही सगळी कामं एकच मुलगा दिवसभराच्या नोकरीनंतर एका बैठकीत करायला बघतो. त्यात चाल बांधणारा आणि दोष काढणारा हे दोघं तर एका वेळी बसूच शकत नाहीत.

म्हणून पहिला बदल बैठकांचा. चालीची बैठक वेगळी, मांडणीची वेगळी, मिक्सिंगची (सगळ्या आवाजांचा समतोल साधण्याची) वेगळी, आणि वारही वेगवेगळे. प्रत्येक बैठक ४५ मिनिटांची, गजर लावून. गजर झाला की काम अर्धवट असलं तरी उठायचं. उलट अर्धवट असलेलं बरं, कारण दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं ते ठरलेलं असतं.

चालीच्या बैठकीत लॅपटॉप बंद. पेटी किंवा गिटार, वही आणि फोनचा रेकॉर्डर एवढंच. अंतऱ्याचे दोन ओळी शब्द आधी लिहायचे, कच्चे चालतील. शब्दांचा छंद हातात असला की चालीला धरायला काही तरी मिळतं. मग मुखड्यापेक्षा तीनपैकी निदान एक गोष्ट बदलायची: सुरुवातीचा स्वर, ओळ समेवर उचलायची की सम सोडून, आणि एका आवर्तनात किती शब्द बसवायचे. आपल्याकडे मुखडा बऱ्याचदा मध्य सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात राहतो आणि अंतरा मध्यम-पंचमाच्या आसपास उचलून तार षड्जाकडे जातो. हे त्याला पेटी शिकताना माहीत झालं होतं. स्क्रीनवर रंगीत चौकोन दिसायला लागल्यापासून ते आठवेनासं झालं होतं. पेटीवर पहिल्याच बैठकीत त्याने तीन अंतरे गुणगुणले आणि तिन्ही रेकॉर्ड केले. त्यातला कोणता घ्यायचा हे त्या रात्री ठरवायचं नाही, असं सांगितलं होतं. सकाळी रेकॉर्डिंग न ऐकता जो आपोआप ओठांवर येईल तो घ्यायचा.

मांडणीसाठी गाण्याची लांबी आधीच ठरवून दिली: ६४ बार, ९० बीपीएमला २ मिनिटं ५१ सेकंद. सुरुवातीचं संगीत ४, मुखडा ८, मधलं संगीत ८, अंतरा १२, मुखडा ८, मधलं संगीत ४, दुसरा अंतरा १२, शेवटचा मुखडा ८. हा आराखडा काही पवित्र नाही. तो समोर असला की 'पुढे काय' हा प्रश्न रोज नव्याने पडत नाही, एवढाच त्याचा उपयोग. मग आहे ती पूर्ण भरलेली लूप ६४ बारभर चिकटवायची आणि खोडत यायचं. सुरुवातीला फक्त पॅड (मागे धरून ठेवलेले लांब स्वर) आणि शेकर (खुळखुळ्यासारखं तालवाद्य). पहिल्या अंतऱ्याच्या पहिल्या चार बारांत बेस नाही. शेवटच्या मुखड्याआधी एक बार ताल पूर्ण बंद. जोडण्यापेक्षा खोडणं सोपं जातं, कारण काढून टाकायच्या गोष्टीबद्दल 'हे पुरेसं चांगलं आहे का' अशी भीती वाटत नाही. आठ ट्रॅकची (एका वाद्याचा किंवा आवाजाचा एक पट्टा) मर्यादा आणि चार आठवडे एकही नवीन प्लगइन (आवाजाचं जोड-सॉफ्टवेअर) नाही, हेही ठरलं. सिंथचा (इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) आवाज एकदा निवडला की तो ट्रॅक ऑडिओ, म्हणजे पक्कं रेकॉर्डिंग, करून टाकायचा, म्हणजे परत मागे जाऊन बटणं फिरवायची सोय राहत नाही.

मिक्सिंग रात्री बंद केलं. आईवडिलांची झोपमोड नको म्हणून तो हेडफोनवर अगदी हळू आवाजात मिक्स करायचा आणि सकाळी बेस घुमतोय म्हणून निराश व्हायचा. आवाज लहान असला की कानाला खर्जाचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं आहे. रात्री कमी वाटला म्हणून बेस वाढवला, की दिवसा तो जास्त होणारच. त्यामुळे मिक्सिंग शनिवारी दुपारी, आपण समोरासमोर बोलतो तेवढ्या आवाजात. पहिली २० मिनिटं फक्त फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, हलवायची; इक्यू आणि कॉम्प्रेसर या आवाजाचा पोत बदलणाऱ्या साधनांना हात नाही. आवडत्या गाण्याशी तुलना करायचीच असेल तर ते गाणं ट्रॅकवर घेऊन ८ ते १० डेसिबलने खाली आणायचं. मास्टरिंग (प्रसिद्धीआधीचा शेवटचा हात) झालेलं गाणं कच्च्या मिक्सपेक्षा बरंच मोठ्या आवाजाचं असतं, आणि मोठ्या आवाजातलं ते आपल्याला चांगलं वाटतं. कित्येक जणांचा आत्मविश्वास नुसत्या या फरकाने जातो, हे बघून वाईट वाटतं.

सगळं सरळ झालं असं नाही. दुसऱ्या आठवड्यात तो दोन बैठका सुरुवातीच्या चार बारांवरच अडकला. डावीकडून उजवीकडे काम करायच्या सवयीने हे होतं. पहिले चार बार कोणत्या गाण्याकडे नेणार ते गाणंच अजून झालेलं नसतं, मग ते ठरणार कसे? क्रम बदलला: आधी शेवटचा मुखडा, मग अंतरे, मधलं संगीत, आणि सुरुवात सगळ्यात शेवटी.

तिसऱ्या आठवड्यात त्याने अर्धं गाणं मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. चार अंगठे आले, एक 'भारी रे' आला आणि मग क्रिकेटच्या गप्पा. त्याने दोन दिवस लॅपटॉप उघडला नाही. ग्रुपला काही विचारलेलंच नव्हतं, त्यामुळे उत्तर मिळण्याचा प्रश्न नव्हता, पण त्याच्या मनाने ते 'नापास' असं वाचलं. पुढच्या वेळी एकाच व्यक्तीला, पूर्ण गाणं, आणि एकच प्रश्न: "कुठे कंटाळा आला ती वेळ सांग." मावसबहिणीने लिहून पाठवलं, १ मिनिट ५० सेकंद. ती जागा दुसऱ्या मधल्या संगीताची होती. तिथे बासरीची एक ओळ घालायला त्याला अर्धी बैठक पुरली.

घरातली एक गोष्टही मध्ये येत होती. आई अधूनमधून विचारायची, "अरे, कधी ऐकवणार?" त्याला तो टोमणा वाटायचा. मी त्याला आईलाच विचारायला सांगितलं. आई म्हणाली, "रात्री एवढा वेळ बसतोस, मला वाटतं काहीतरी छान चाललं असेल." तेव्हापासून तो दर रविवारी आईला फोनवरचं गुणगुणणं ऐकवतो, लॅपटॉपवरचं नाही.

मिक्सची फाइल काढल्यावर ती त्याच रात्री ऐकायची नाही, हा नियम त्याला सगळ्यात अवघड गेला. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये, स्क्रीन खिशात ठेवून, एकदाच ऐकायची आणि जास्तीत जास्त तीन दुरुस्त्या वेळेसकट लिहायच्या. चौथी सुचली तर तिन्हींतली एक खोडायची. शनिवारी त्या तीन करायच्या आणि फाइलच्या नावात तारीख घालून गाणं संपलं म्हणायचं.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी २ मिनिटं ५१ सेकंदांचं गाणं झालं. "बरंय, पण साधारणच आहे," तो म्हणाला. मी त्यावर वाद घातला नाही, कारण ते साधारण होतंच. पहिलं पूर्ण गाणं बहुतेकांचं तसंच असतं. फरक एवढाच की आता दोष नेमके सांगता येत होते: दुसरा अंतरा पहिल्यासारखाच आहे, गाताना वरचा सा दाबला जातोय, पट्टी अर्ध्या स्वराने उतरवायला हवी. 'माझ्यात ते नाही' या वाक्यावर कुणालाही काही करता येत नाही, पट्टी मात्र उतरवता येते.

राहिला प्रश्न त्या चाळीस फाइलींचा. त्या उघडून ऐकायच्या नाहीत असं ठरलं. नावं वाचून ज्या चाली अजून गुणगुणता येतात तेवढ्या फोनवर रेकॉर्ड करायच्या, बाकीच्या 'जुनं' नावाच्या फोल्डरात. पुसायच्या नाहीत, त्याने उगाच हुरहुर लागते. सहा चाली निघाल्या. त्यातली एक दादरा तालात आहे, आणि सध्या तो तिच्या अंतऱ्याचे शब्द लिहितोय.