प्राणी पकडून लढवायच्या पोकेमॉन गेमच्या नऊ पिढ्यांत सर्वात चांगली कोणती? जुने गेम खरंच चांगले होते, की नुसत्या आठवणी गोड लागतात?

दोन्ही थोडं थोडं खरं आहे. मी नऊच्या नऊ पिढ्या खेळलोय, काही दोन-दोनदा. माझ्या मते पहिली पिढी आठवायला छान आहे, आज खेळायला नाही. आणि सगळ्यात मोठा बदल चौथ्या पिढीत झाला, पण तो स्क्रीनवर दिसत नाही म्हणून त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

पहिल्या पिढीचे रेड आणि ग्रीन १९९६ मध्ये जपानात गेम बॉयवर आले. १५१ पोकेमॉन एवढ्याशा कार्ट्रिजमध्ये कोंबले याचं कौतुक आहेच, पण आतून गेम ठिकठिकाणी उसवलेला. फोकस एनर्जी ही चाल क्रिटिकल (जादा जोराचा) फटका बसण्याची शक्यता वाढवायला होती. चुकीमुळे ती उलट कमी व्हायची. गेममधलंच एक पात्र सांगतं की सायकिक (मनोशक्तीच्या) टाइपचे, म्हणजे जातीचे, पोकेमॉन भुतांना आणि किड्यांना घाबरतात. प्रत्यक्षात भुताच्या चालीचा सायकिकवर काहीच परिणाम व्हायचा नाही. त्यात भूत म्हणून होते फक्त गॅस्टली, हाँटर आणि गेंगार. तिघेही अर्धे विषारी टाइपचे, आणि विषारी टाइप सायकिकपुढे कच्चा, म्हणजे स्वतःच गारद. अलाकाझाम हा सायकिक पाळला की निम्मा गेम संपला.

दुसऱ्या पिढीने (गोल्ड-सिल्व्हर, १९९९) डार्क आणि स्टील टाइप आणून हे सावरलं. दिवस-रात्र आली, अंडी आली, जोहतो हा नवा प्रदेश संपल्यावर पहिल्या पिढीचा अख्खा कांटो प्रदेश पुन्हा फिरायला मिळाला. दिवस-रात्र दाखवणाऱ्या घड्याळाची किंमतही होती: घड्याळ आणि सेव्ह (साठवलेला खेळ) एकाच बॅटरीवर चालायचे, त्यामुळे ती पहिल्या पिढीपेक्षा लवकर संपायची आणि सेव्ह घेऊन जायची.

आता तो न दिसणारा बदल. गायराडॉस हा पाण्यातला पोकेमॉन घ्या. अटॅक, म्हणजे अंगबळाने मारण्याचा आकडा, १२५. पहिल्या पिढीत ‘स्पेशल’ हा एकच आकडा होता, याचा १००, त्यामुळे सर्फ ही पाण्याची चाल दणकून बसायची. दुसऱ्या पिढीत त्या आकड्याचे दोन झाले, मारण्याचा वेगळा आणि झेलण्याचा वेगळा. गायराडॉसचा झेलण्याचा १०० राहिला, मारण्याचा ६० वर आला. आणि तेव्हा चाल फिजिकल (अटॅकवर चालणारी) की स्पेशल (स्पेशलच्या आकड्यावर चालणारी) हे तिच्या टाइपवरून ठरायचं. पाण्याची म्हणजे स्पेशल, संपला विषय. वॉटरफॉल या चालीत हा अख्खं धूड घेऊन अंगावर येणार, पण हिशोब लागणार त्या ६० चा! बाइट ही डार्क चाल, म्हणून तीही स्पेशल. दातांनी चावायचं आणि अटॅकचा काही उपयोग नाही. स्नीझल या डार्क-बर्फ टाइपच्या पोकेमॉनचे पंजे याच नियमात वाया गेले.

चौथ्या पिढीच्या डायमंड-पर्लने (२००६) हे प्रत्येक चालीवर सोपवलं. वॉटरफॉल फिजिकल, सर्फ स्पेशल. रातोरात गायराडॉस खरंच भीतीदायक झाला. (बिचारा आगीचा फ्लेरिऑन मात्र १३० अटॅक घेऊन बसूनच राहिला, त्याला फ्लेअर ब्लिट्झ ही आगीची जोरदार फिजिकल चाल मिळायला सहावी पिढी उजाडली.) त्यानंतर आलेली प्रत्येक पिढी याच हिशोबावर उभी आहे. डायमंड-पर्लचा वेग मात्र रडका. एचपीचा (उरलेल्या जिवाचा) पट्टा उतरेपर्यंत चहा पिऊन यावं.

तिसऱ्या पिढीचे नेचर (पोकेमॉनचा स्वभाव) आणि अ‍ॅबिलिटी (त्याची खास क्षमता) महत्त्वाचे, पण जुने पोकेमॉन तिच्यात आणताच येत नव्हते, हे तेव्हा फार लागलं होतं. पाचवीने (ब्लॅक-व्हाइट, २०१०) सगळ्यात धाडसी गोष्ट केली: कथा संपेपर्यंत फक्त १५६ नवे पोकेमॉन, जुना एकही नाही. लोक चिडले. मला तीच आवडली, कारण पहिल्यांदा खेळताना असायचं तसं, गवतातून काय निघेल ते पुन्हा माहीत नव्हतं. सहावीत थ्रीडी आलं, आणि ड्रॅगनांचा माज उतरवायला फेअरी टाइप. सातवीने जिम (गावोगावी तिथल्या लीडरला हरवायचे आखाडे) काढून परीक्षा आणल्या. आठवीत सगळे पोकेमॉन नव्हते, त्यावर भांडून लोकांचे घसे बसलेत, मी भर घालत नाही.

नववीत (स्कार्लेट-व्हायोलेट, २०२२) कुठेही, कसंही जायची मोकळीक आहे, पण जिम लीडरांच्या लेव्हल तुमच्याप्रमाणे बदलत नाहीत. म्हणजे मोकळीक कागदावर. चुकीच्या दिशेला गेलात की मार खाऊन परत. शिवाय गेम अडखळतो. तरी मैदानात हिंडायला मजा येते हे कबूल.

एकच घ्यायचा असेल तर हार्टगोल्ड किंवा सोलसिल्व्हर (२००९), म्हणजे गोल्ड-सिल्व्हरच नव्याने बनवलेले. दुसऱ्या पिढीचा प्रवास, चौथ्या पिढीचा हिशोब, आणि टीममधला पहिला पोकेमॉन तुमच्या मागोमाग चालतो. जोहतोतल्या जंगली पोकेमॉनच्या लेव्हल फार कमी आहेत, त्यामुळे एलीट फोरच्या (शेवटी लढायच्या चार तगड्या खेळाडूंच्या) आधी बराच वेळ तेच ते मारत बसावं लागेल. आणि सुरुवातीलाच मॅजिकार्प पकडून ठेवा, वीस लेव्हलपर्यंत कळ काढा, तिथे त्याचाच गायराडॉस होतो.