कुटुंब व ग्राहक अर्थशास्त्रात पीएच.डी. करायची असेल तर

आपण विचारले आहे की, गृहविज्ञानात एम.एस्सी. होऊन सात वर्षे झाली, ती संसारातच गेली, आता वडोदऱ्यात स्थायिक आहोत, तर कुटुंब व ग्राहक अर्थशास्त्रात पीएच.डी. करता येईल का आणि करून उपयोग काय. मी याच शहरात, दांडिया बाजारातल्या सासरघरी राहून, याच विषयात पीएच.डी. केली आहे, त्यामुळे अनुभवाचे तेवढे सांगते.

आधी नावाचा घोटाळा दूर करते. आपल्याकडे या नावाचा स्वतंत्र विभाग सहसा नसतो. घरातला पैसा, वेळ आणि श्रम यांचा अभ्यास करणारा हा विषय गृहविज्ञानाच्या पोटात असतो. वडोदऱ्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि हंसाबेन मेहता कुलगुरू असताना तेथे गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली. तिचे आजचे नाव कुटुंब व समाज विज्ञान विद्याशाखा असे आहे, आणि आपला विषय तिच्यातल्या संसाधन व्यवस्थापनाच्या विभागात शोधावा लागतो. प्रवेशासाठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण हवेत. नेटला, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला, गृहविज्ञान हा विषय आहे. जून २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात आणि कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीस दरमहा ३७,००० रुपये मिळतात. मुदत किमान ३ व कमाल ६ वर्षे आहे, स्त्रियांना आणखी २ वर्षांची सवलत आहे आणि बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही मिळते. सात वर्षांच्या खंडाची म्हणूनच फार चिंता करू नये.

चिंता करायची ती विषयाच्या निवडीची. माझा पहिला आराखडा ‘मध्यमवर्गीय कुटुंबांच्या खर्चाच्या सवयी’ असा ऐसपैस होता. मार्गदर्शक बाईंनी तो वाचून एवढेच विचारले, “कोणाचा खर्च, किती दिवसांचा, आणि तो सांगणार कोण?” या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात माझे जवळजवळ एक वर्ष गेले, पण खरे शिक्षण तेथेच झाले. उत्पन्न वाढले की खर्चातला अन्नाचा वाटा कमी होतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये दाखवले, ते आपण एम.एस्सी.ला पाठ केलेले असते; तो वाटा एका घरात मोजायचा कसा, हे मात्र दार वाजवल्यावरच कळते. सरकारी उपभोग खर्च पाहणीत भाजी, फळे, तेल यांचा खर्च गेल्या ७ दिवसांचा विचारतात आणि कपडे व टिकाऊ वस्तूंचा ३६५ दिवसांचा, याचे कारण साधे आहे: महिन्यापूर्वीची कोथिंबीर कोणाच्या लक्षात राहात नाही, वर्षापूर्वीचा फ्रीज राहतो.

बचतीच्या बाबतीत तर माझी प्रश्नावलीच फसली. ‘आपण दरमहा किती बचत करता’ या प्रश्नाला रावपुऱ्यातल्या एका वहिनींनी ‘उरतंय कुठे’ असे उत्तर दिले आणि मी शून्य लिहिले. दुसऱ्या खेपेस दुपारी अडीच वाजता, सासूबाई झोपलेल्या असताना गेले आणि ‘भिशी किती भरता’ असे विचारले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “दोन भरते. एक घरात माहीत आहे, एक नाही.” त्यानंतर मी आधीच्या बावीस घरांत पुन्हा गेले. घर म्हणजे एकच खिसा असे मानून गणित मांडता येते, पण ते किती अपुरे असते हे मला पुस्तकापेक्षा त्या वाक्याने अधिक शिकवले. स्त्रियांच्या बिनपगारी कामाचे मोल हा आपल्याच विषयाचा दुसरा समृद्ध भाग आहे. मोबदला देऊन दुसऱ्याकडून करून घेता येईल ते घरकाम उत्पादकच, ही कसोटी अर्थशास्त्रज्ञ मार्गारेट रीड यांनी १९३४ मध्ये मांडली होती. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत असे घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे व पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जात असल्याचे दिसले. या आकड्यांवर अजून पुष्कळ काम करण्यासारखे आहे.

उपयोगाबद्दल स्पष्टच सांगते. प्राध्यापकाच्या कायम जागा थोड्या आहेत आणि केवळ त्यांच्या भरवशावर यात पडू नये. सर्वेक्षण संस्था, ग्राहक शिक्षणाचे काम आणि बचतगटांचे प्रकल्प येथे या शिक्षणाला वाव आहे, पण तेथे पदवीपेक्षा संख्याशास्त्र किती येते हे आधी पाहतात. म्हणून प्रवेशापूर्वीच प्रतिगमन (रिग्रेशन), म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध आकड्यांत मांडण्याची रीत, पक्के करून घ्यावे. माझे कच्चे होते आणि चौथ्या वर्षी त्याची किंमत मोजावी लागली.

मार्गदर्शकांना भेटण्याआधी शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले या विषयाचे तीन-चार प्रबंध उघडून निदान शेवटी जोडलेल्या प्रश्नावल्या वाचाव्यात, आणि महिनाभर स्वतःच्या घरचा खर्च रोज वहीत लिहून महिनाअखेरीस तोच आठवणीने पुन्हा मांडून पाहावा. मी हा प्रयोग केला तेव्हा वही आणि आठवण यांत १,४०० रुपयांचा फरक आला होता, आणि त्यातला बराचसा शेव-उसळीचा निघाला.